विश्लेषण : ‘ॲटनबरो’ आडनावाचे सगळे एकमेकांचे नातेवाईक? एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग कसा लागला?

‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो आणि निसर्गावरील माहितीपटांमधून घराघरांत पोहोचलेले डेव्हिड ॲटनबरो हे सख्खे भाऊ. हे अनेकांना माहीत असते. पण इंग्लंडमध्ये एकमेकांना न ओळखणारे दोन ॲटनबरो रस्त्यात भेटले, तर तेही एकमेकांचे दूरचे भाऊबंद असण्याची शक्यता किती? स्मिथ आडनावाच्या दोघांबाबत हा प्रश्न कुणी विचारणार नाही, कारण ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक स्मिथ आहेत. ॲटनबरो मात्र मोजकेच. एका छोट्या गावावरून आलेल्या या आडनावाचा शोध जुन्या नोंदवह्या, नकाशे, गणित आणि डीएनए अशा चार वाटांनी घेतला गेला. त्यातून जे हाती आले ते रंजक आहे आणि दुर्मीळ आडनाव असलेल्या कुणालाही सावध करणारेही.

‘ॲटनबरो’ हे आडनाव आले कुठून?

इंग्लंडच्या मध्य भागात नॉटिंगहॅमशर परगणा आहे. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे गाव आहे. सेंट मेरीचे मध्ययुगीन चर्च, नॉटिंगहॅम-डर्बी मार्गावरचे रेल्वे स्थानक आणि नदीलगतची तळी ही त्याची ओळख. गावाच्या नावातील ‘बरो’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘बुर्ह’, अर्थात तटबंदी असलेली जागा किंवा गढी. पहिल्या भागात अ‍ॅडा किंवा एडी अशा कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाचे नाव दडले आहे, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. म्हणजे ‘अ‍ॅडाची गढी’.

या नावाचा आणखी एक अर्थ लावला जातो. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘च्या जवळ’, ‘च्या पाशी’. ॲटवूड म्हणजे रानापाशी राहणारा, ॲटवेल म्हणजे विहिरीपाशी राहणारा. त्याच चालीवर ॲटनबरो म्हणजे ‘गढीपाशी राहणारा’ असे वाचता येते. यातला कोणता अर्थ बरोबर, हे केवळ शब्द फोडून ठरत नाही. हे आडनाव जुन्या काळी कोणत्या भागात आढळत होते, हे पाहावे लागते. ते देशभर विखुरलेले असेल तर ‘गढीपाशी राहणारा’ हा अर्थ जास्त पटतो, कारण गढ्या सगळीकडेच होत्या. ते एकाच गावाभोवती गोळा झालेले असेल, तर गावाचा दावा बळकट होतो. इथेच नकाशा महत्त्वाचा ठरतो.

गावाचे नाव आडनाव कधी बनते?

मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. तेंडोलीचे ते तेंडुलकर, मंगेशीचे ते मंगेशकर. इंग्रजीत ‘कर’ लावत नाहीत, गावाचे नाव तसेच चिकटते, एवढाच फरक.

पण या पद्धतीत एक गंमत आहे. सगळे गावच चिपळूणचे असेल, तर चिपळुणात राहणाऱ्याला ‘चिपळूणकर’ म्हणून वेगळे ओळखण्याचा उपयोग काय? अशी ओळख गाव सोडल्यावर मिळते. त्यामुळे गावावरून आलेले आडनाव बहुतेकदा त्या गावात नव्हे, तर आसपासच्या गावांत आणि बाजारपेठांत आधी रुजते.

ॲटनबरो गावाचा सर्वांत गाजलेला ऐतिहासिक सुपुत्र याचे उत्तम उदाहरण आहे. ऑलिव्हर क्रॉमवेलचा सेनानी आणि जावई हेन्री आयर्टन याचा जन्म १६११ मध्ये याच गावात झाला. त्याचे आडनाव मात्र ॲटनबरो नव्हते. आयर्टन हे शेजारच्या डर्बीशरमधील गावाचे नाव. आयर्टनहून निघालेले घराणे ॲटनबरोत आले आणि आयर्टन म्हणूनच राहिले. तसे ॲटनबरोहून बाहेर पडलेले लोक ॲटनबरो झाले.

इंग्लंडमध्ये आडनावे पक्की कधी झाली?

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदार घराण्यांनी वंशपरंपरागत आडनावे वापरण्यास सुरुवात केली. जमिनीचा वारसा सांगायला ती सोयीची होती. पुढच्या दोन-तीन शतकांत ही पद्धत व्यापारी, कारागीर आणि शेतकऱ्यांपर्यंत झिरपली. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना पिढीजात आडनाव मिळाले होते. त्यांचे ढोबळ प्रकार चार : गाव किंवा ठिकाणावरून, व्यवसायावरून, वडिलांच्या नावावरून आणि टोपणनावावरून.

कागदोपत्री माग काढण्यासाठी तीन टप्पे महत्त्वाचे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. आणि १८४१ पासूनच्या जनगणनांत घरोघरीच्या लोकांची नावे नोंदवली गेली. लिहिणारा पाद्री किंवा कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे. त्यामुळे ॲटनबरो, ॲटनबरा, ॲटनब्रो अशी एकाच घराण्याची वेगवेगळी रूपे नोंदींत सापडतात. शोध घेणाऱ्याला ती सगळी तपासावी लागतात.

नकाशावर हे आडनाव कुठे दिसते?

आडनावांच्या अभ्यासात १८८१ ची ब्रिटिश जनगणना सर्वाधिक वापरली जाते. तिच्या सगळ्या नोंदी संगणकावर आल्या आहेत आणि मोटारी येण्याआधीचा काळ असल्याने बरीच कुटुंबे मूळ भागाच्या जवळपास होती. कोणत्या परगण्यात एखाद्या आडनावाचे किती लोक, हे त्यावरून मांडता येते. मात्र नुसता आकडा फसवतो. लंडनमध्ये लोकच जास्त, म्हणून तिथे प्रत्येक आडनाव जास्त दिसते. त्यामुळे अभ्यासक ‘दर हजार लोकांमागे किती’ असे प्रमाण काढतात.

असे प्रमाण काढल्यावर ॲटनबरो आडनाव नॉटिंगहॅमशर आणि लगतच्या भागात दाटलेले दिसते. म्हणजे ‘कोणत्याही गढीपाशी राहणारा’ यापेक्षा ‘या विशिष्ट गावाहून आलेला’ हाच अर्थ अधिक संभवतो. डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्डला झाला. हे गाव ॲटनबरोपासून अगदी जवळ. आडनाव तयार झाल्यानंतर काही शतकांनी, रेल्वेयुग उजाडल्यावरही हे घराणे मूळ गावाच्या पंचक्रोशीतच होते.

लंडनमधील ॲटनबरो ही स्थलांतराची कथा. १९ व्या शतकात लंडनच्या गहाणवटीच्या धंद्यात हे नाव प्रसिद्ध होते. चांदीची भांडी गहाण ठेवण्यावरून झालेला ‘ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन’ हा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि १९१३ च्या कायदा अहवालांत छापला गेला. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचे अधिकार कुठे संपतात, हे शिकवताना तो आजही सांगितला जातो.

डीएनएने काय सांगितले?

आडनाव आणि वाय गुणसूत्र यांचा प्रवास सारखाच. इंग्रजी पद्धतीत आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाते. वाय गुणसूत्रही फक्त वडिलांकडून मुलाला मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसेच राहते. मग एकाच आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळते का?

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये हा प्रश्न स्वतःच्याच आडनावाला विचारला. परस्परांशी नाते माहीत नसलेल्या ४८ साइक्स पुरुषांचे नमुने तपासले. जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले.

त्यानंतर लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी व्याप्ती वाढवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष होते. एकाच पूर्वजाकडे जाणाऱ्या गटांत बसणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ६२ टक्के निघाले. पण आडनावागणिक ते शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत होते. सूत्र स्पष्ट होते : आडनाव जितके दुर्मीळ, तितके नाते जवळचे. स्मिथसारख्या आडनावात दोन पुरुषांचे नाते रस्त्यावरच्या कोणत्याही दोघांपेक्षा जास्त नव्हते. ॲटनबरो या यादीच्या वरच्या टोकाला होते. दहापैकी जवळपास नऊ जण एकाच गटात.

या संशोधनाला एक योगायोगही जोडला आहे. हे काम ज्या लेस्टर विद्यापीठात झाले, त्याच्या पूर्वीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य १९३२ ते १९५१ या काळात फ्रेडरिक ॲटनबरोच होते. ते अँग्लो-सॅक्सन कायद्यांचे अभ्यासक. त्यांच्या मुलांचे बालपण याच आवारात गेले आणि विद्यापीठाच्या एका मनोऱ्याला आजही ‘ॲटनबरो’ नाव आहे. डीएनए ठशांचे तंत्र ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये सापडले, तेही याच विद्यापीठात.

मग सगळ्यांचा मूळपुरुष एकच होता का?

इथे घाई करून चालत नाही. आज ९० टक्के लोक एका गटात आहेत, म्हणून ७०० वर्षांपूर्वी एकच ॲटनबरो होता, असे सिद्ध होत नाही. किंग आणि जॉबलिंग यांनीही तोच इशारा दिला. सुरुवातीला हे आडनाव घेणारे चार-पाच वेगवेगळे लोक असू शकतात. त्यातल्या बाकीच्यांच्या शाखा मध्येच खुंटल्या आणि एकाची पसरली, तरी आज चित्र असेच दिसेल.

हे किती सहज घडते, याचे गणित १९ व्या शतकातच मांडले गेले. चार्ल्स डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन याने १८७३ मध्ये जाहीर प्रश्न विचारला : आडनावे नष्ट होण्याची शक्यता किती? गणितज्ञ धर्मगुरू हेन्री वॉटसन यांनी त्यावर उत्तर शोधले. त्यांच्या मांडणीत चूक होती, सगळीच आडनावे कधी ना कधी नष्ट होतील असे त्यातून निघाले. ती पुढे दुरुस्त झाली, पण पद्धत टिकली. आज साथीचा फैलाव आणि अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया यांच्या अभ्यासातही तेच गणित वापरतात.

एक साधे उदाहरण घेऊ. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, असे धरा. सरासरी एक, म्हणजे कुणाला दोन-तीन, कुणाला एकही नाही. निव्वळ योगायोगाच्या गणितानुसार पहिल्याच पिढीत सुमारे ३७ टक्के शाखा थांबतात. दुसऱ्या पिढीअखेर ५३ टक्के आणि तिसऱ्या पिढीअखेर ६३ टक्के. सातशे वर्षे म्हणजे साधारण २५ पिढ्या. तोवर शंभरातल्या जेमतेम सात शाखा उरतात. प्रत्यक्षात लोकसंख्या वाढते तेव्हा जास्त टिकतात, रोगराईत कमी. पण मुद्दा तोच राहतो : एखादे आडनाव दुर्मीळ असणे किंवा त्यात एकाच घराण्याचे वर्चस्व असणे, यामागे पराक्रम असतोच असे नाही. बहुतेक वेळा ती फाशांची सोंगटी असते. आणि नष्ट झालेली शाखा म्हणजे निर्वंश झालेले घराणे असेही नाही. मुली होत्या, त्यांची मुले-नातवंडे होती. फक्त आडनाव बदलले.

ज्यांचा डीएनए जुळत नाही, ते कोण?

दहापैकी एखादा ॲटनबरो गटाबाहेरचा निघतो. त्याची कारणे अनेक. दत्तक मूल कुटुंबाचे आडनाव लावते, गुणसूत्र जन्मदात्याचे असते. लग्नाबाहेर जन्मलेले मूल आईचे आडनाव घेत असे. इस्टेटीसाठी जावई सासरचे आडनाव स्वीकारत असे. इंग्लंडमध्ये प्रौढ व्यक्तीला स्वतःचे आडनाव बदलणे कायद्याने सोपे आहे. आणि काही वेळा कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा असतो. दर दहांत एक मूल असे असते, ही लोकप्रिय समजूत मात्र या अभ्यासाने खोडली. पिढीमागे हे प्रमाण २५ मध्ये एकापेक्षाही कमी असावे, असे संशोधकांचे म्हणणे.

याच टुरी किंग पुढे एका राजाच्या चौकशीत सहभागी झाल्या. २०१२ मध्ये लेस्टरमधील एका पार्किंगखाली सांगाडा सापडला. तो १४८५ मध्ये लढाईत मेलेल्या तिसऱ्या रिचर्डचा निघाला. आईकडून येणारा डीएनए स्त्रीवंशातील हयात नातलगांशी जुळला. वाय गुणसूत्र मात्र पुरुषवंशातील हयात नातलगांशी जुळले नाही. कागदावरच्या वंशावळीतील १९ दुव्यांमध्ये कुठेतरी साखळी तुटली होती. राजघराण्याच्या काटेकोर वंशावळीची ही गत, तर सामान्य घराण्यांचे काय?

ॲटनबरो घरातच आणखी एक बाजू दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक आणि मेरी ॲटनबरो यांनी नाझी जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू बहिणींना आपल्या घरात ठेवून मुलांच्या बरोबरीने वाढवले. वाय गुणसूत्राच्या तक्त्यात त्यांची नोंद कुठेच होणार नाही. कुटुंब कोणते, हे तो तक्ता सांगत नाही.

दुर्मीळ आडनाव असण्यात धोका काय?

आडनाव आणि वाय गुणसूत्र जुळत असेल, तर उलटा प्रवासही शक्य आहे. म्हणजे डीएनएवरून आडनाव ओळखणे. किंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच, एकाच आडनावाच्या १५० जोड्यांच्या अभ्यासानंतर, गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या डीएनएवरून संशयितांची यादी लहान करता येईल, असे सुचवले होते.

जानेवारी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. संशोधनासाठी नाव न देता डीएनए दिलेल्या लोकांची माहिती सार्वजनिक होती. संशोधकांनी त्यातील वाय गुणसूत्राच्या खुणा वंशावळीच्या मोफत संकेतस्थळांवर टाकल्या. तिथून आडनाव मिळाले. त्याला वय आणि राज्य जोडले आणि सुमारे ५० जणांची ओळख पटली. यासाठी कुठेही चोरी करावी लागली नाही, सगळी माहिती उघड होती.

यात सर्वाधिक उघडा पडतो तो दुर्मीळ आडनावाचा माणूस. डीएनएवरून ‘स्मिथ’ असा अंदाज निघाला तर लाखो पर्याय उरतात. ‘ॲटनबरो’ निघाला तर यादी हाताच्या बोटांवर येऊ शकते. शिवाय त्यासाठी त्याने स्वतः चाचणी केलेली असण्याचीही गरज नाही. कधीही न भेटलेल्या दूरच्या चुलतभावाने हौसेने नमुना पाठवला, तरी पुरते. घरबसल्या डीएनए चाचणी करताना संमती एकाची घेतली जाते, पण माहिती संपूर्ण भावकीची बाहेर जाते. निकालातून घरातले जुने गुपित फुटू शकते, हा भाग वेगळाच.

आज हे नाव कुठवर पोहोचले आहे?

१९८२ च्या ‘गांधी’मुळे रिचर्ड ॲटनबरो यांचे नाव भारतात घरोघरी गेले. त्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. त्यातील वेशभूषेचे ऑस्कर जॉन मोलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाले. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

डेव्हिड यांच्यामुळे हे नाव माणसांच्या वंशावळीबाहेरही पसरले. फिलिपिन्समधील एक कीटकभक्षी घटपर्णी, इंडोनेशियाच्या पापुआतील लांब चोचीचा एकिडना, केरळच्या किनाऱ्यावरचा एक सरडा, अशा अनेक प्रजातींच्या शास्त्रीय नावांत ‘ॲटनबरो’ आहे. ब्रिटनचे ध्रुवीय संशोधन जहाज हेच नाव घेऊन अंटार्क्टिकाला जाते.

आणि मूळ गाव? तिथे १९२९ पासून नदीकाठची वाळू-खडी उपसली जात होती. उपशाच्या खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली, पाणपक्षी येऊ लागले. १९६६ मध्ये तिथे निसर्ग राखीव क्षेत्र झाले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते झाले. गावाचे नाव लावून बाहेर पडलेल्या घराण्यातला एक माणूस अशा तऱ्हेने त्या गावात पाहुणा म्हणून परतला. त्याचा आणि गावाचा संबंध सांगायला डीएनएची गरज नव्हती, आडनाव पुरेसे होते.